बेळगाव ते कोची, पाठीवर एक सॅक: रेल्वेनं जावा आणि तिथं सरकारी बोटीनं फिरा

तिसरं_गेट

बेळगावातून केरळ म्हटलं की आपली माणसं आधी टूरवाल्याचं पॅम्प्लेट काढतात नाहीतर सांबऱ्याहून विमान कुठलं मिळतंय ते बघतात. माझा दोन्हीला विरोध नाही, खरं परवा जाऊन आल्यापासून जो भेटेल त्याला मी एकच सांगायलोय, की पाठीवर मावेल एवढीच सॅक घ्या, स्लीपरनं टप्प्याटप्प्यानं खाली सरकत जावा, आणि केरळात पोचल्यावर हाउसबोट वगैरे बाजूला ठेवून सरकारी बोटीत बसा. तिथं बोट ही चैनीची वस्तू नाही. आपल्याकडं अनगोळ-वडगावची सिटीबस जशी असते तशी ती तिथल्या माणसांची रोजची गाडी आहे, त्यात शाळेची पोरं असतात, बाजाराची पिशवी घेतलेल्या बायका असतात, ऑफिसला चाललेली माणसं असतात, आणि आपण त्यांच्यात जाऊन बसलो की गाव आपोआप कळायला लागतं.

आता रूट सांगतो. एकाच गाडीनं जायचं तर पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस आहे, आठवड्यातून एकदाच, मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव करत कोकण रेल्वेनं थेट एर्नाकुलम जंक्शनला. सुट्टी कमी असेल तर तीच बरी. खरं वेळ असेल तर तोडून जावा. पहिला टप्पा बेळगाव ते मडगाव, आणि ह्यासाठी घाट दिवसाउजेडी लागेल अशीच गाडी निवडा. कॅसलरॉक ते कुळे हा साधारण 26 किलोमीटरचा उतार आहे, 37 फुटाला 1 फूट एवढा तीव्र, म्हणून कॅसलरॉकला गाडीची ब्रेकची तपासणी होते आणि जादा इंजिनं जोडतात. पोर्तुगीजांच्या हद्दीतून ही लाइन 1880 च्या दशकात काढलेली, मीटरगेज होती, आणि आजसुद्धा बोगद्यातून बाहेर पडल्यावर समोर दूधसागर दिसला की अख्खा डबा एका बाजूला येतो.

दुसरा टप्पा मडगाव ते मंगळूर. काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती अशा नद्या एकामागं एक लागतात आणि प्रत्येक नदी समुद्राला मिळायच्या जरा अलीकडं गाडी तिच्यावरून जाते. होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरच्या वर आहे, कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब. समुद्र पश्चिमेला, म्हणून त्या बाजूची खिडकी धरा. एसीत काळी काच असते, ह्या पट्ट्यात तरी स्लीपरची उघडी खिडकीच हवी.

तिसरा टप्पा मंगळूर सेंट्रलवरून परशुराम एक्स्प्रेस, पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, दिवसभराची गाडी आहे, कासरगोड, कन्नूर, माहे, कोझिकोड, त्रिशूर करत दुपारी एर्नाकुलम टाउनला सोडते. नीट बघा, टाउन आणि जंक्शन ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, तिथली माणसं नॉर्थ आणि साउथ म्हणतात. टाउनला उतरलात तर बाजूलाच मेट्रोचं टाउन हॉल स्टेशन आहे.

कोचीचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, जेवायला बोलवायलेत.

खानापूर_भातवाला

अण्णा बरं झालं लिहिलं. एक माझ्याकडून जोडा, दूधसागर स्टेशनला उतरून रुळावरनं चालत धबधब्याकडं जायचं नाही. 2023 च्या पावसाळ्यात रेल्वेनं त्या ट्रेकवाल्यांवर कारवाई केली होती, तरी लोंढ्याला दर शनिवार-रविवार पोरं दिसतातच. गाडी एका बाजूनं येते, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पावसात आवाजच ऐकू येत नाही. गाडीतनंच बघा की, झक्क दिसतो.

निपाणीची_सून

खूप छान माहिती. आमच्या निपाणीला रेल्वे नाही त्यामुळे आधी बसनं बेळगाव करावं लागतं, तेवढं सोडलं तर हा प्लॅन मला जमण्यासारखा वाटतोय. मी आणि माझी दहावी झालेली मुलगी अशा दोघीच जायचं म्हणतोय. दादा, मडगाव किंवा मंगळूरला मध्ये उतरायचं म्हणजे रात्री कुठं थांबायचं? आणि दोघी बायकांना सरकारी बोट बरी पडेल का, गर्दी किती असते? घरचे म्हणतात ग्रुप टूरनं जा. मागच्या वर्षी नात्यातल्या एकाजणी ग्रुपनं गेल्या होत्या, त्यांना सकाळी आठला बसमध्ये घातलं ते रात्री नऊला उतरवलं, फोर्ट कोचीला एक तास आणि मसाल्याच्या दुकानात दोन तास. मला तसं नकोय.

तिसरं_गेट

ताई, नक्की जावा. थांबायचं तर मडगावपेक्षा उडुपी किंवा मंगळूर निवडा, दोन्हीकडं स्टेशनजवळ साधी कुटुंबाची लॉज भरपूर आहेत आणि आपल्याला कन्नड येतंय त्यामुळं काही अडत नाही. पहाटेची परशुराम पकडायची असेल तर मंगळूर सेंट्रलची रिटायरिंग रूम बघा, कन्फर्म तिकीट असलं की आयआरसीटीसीवर आधीच बुक करता येते. उडुपीला थांबलात तर मालप्याहून सेंट मेरी बेटावर बोट जाते, पावसाळ्यात बंद असते. तिथले ते उभे खडकाचे खांब भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटून होते तेव्हाच्या लाव्हाचे आहेत, साधारण 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे. मुलगी दहावीची म्हणजे तिला भूगोल ताजा असणार, तिला दाखवाच.

बोटीत सकाळी नऊ-दहा आणि संध्याकाळी पाच-सहाला ऑफिसची गर्दी, मधल्या वेळेत निवांत असते. बायका भरपूर असतात, एकट्या जाणाऱ्याही. मला तरी आपल्या संध्याकाळच्या बसपेक्षा तिथं जास्त मोकळं वाटलं.

आता कोची. सरकारी बोटींचं खातं वेगळं आहे, स्टेट वॉटर ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट. एर्नाकुलमच्या मेन बोट जेट्टीवरून फोर्ट कोचीला बोट जाते, वीसेक मिनिटं, तिकीट दहा रुपयांच्या आत. वाटेत एका बाजूला बंदरातली मोठी जहाजं, दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेट. हे बेट आहे तेच मुळी माणसानं वाढवलेलं, 1920 च्या नंतर रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरनं बंदर खोल करताना जो गाळ उपसला तो टाकून. नेव्हीची जागा आहे तिकडं, तेव्हा मोबाइल जरा खाली ठेवा.

दुसरी आहे वॉटर मेट्रो. 25 एप्रिल 2023 ला सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, कोचीन शिपयार्डनंच बांधलेल्या, एका बोटीत शंभरेक माणसं, आत एसी. तिकीट 20 पासून 40 रुपयांपर्यंत. हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोचीला हीसुद्धा जाते. विशेष म्हणजे बोट धक्क्याला लागते तेव्हा धक्का पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता आहे, त्यामुळं म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले अगदी सहज आत जातात. सार्वजनिक पैसा असा वापरलेला बघून फार बरं वाटलं. खरं एकदा तरी जुन्या लाकडी बाकाच्या बोटीनं जावा, वारा तोंडावर येतो, इंजिनाची धडधड पायाला लागते, ते एसीत नाही.

आणि फोर्ट कोची ते समोरचं वैपीन बेट अशी रो-रो आहे, कार, रिक्षा, सायकल, माणसं सगळं एकाच बोटीत, पाच मिनिटात पलीकडं. वैपीनच्या बाजूनं बघितलं की फोर्ट कोचीची मासे धरायची चिनी जाळी सगळी एका ओळीत दिसतात.

हिंडलगा_सायकल

रो-रोवर सायकल नेता येते हे वाचून जीव भांड्यात पडला. फोर्ट कोचीत सायकल भाड्यानं मिळते का?

तिसरं_गेट

मिळते. फोर्ट कोची सपाट आहे, अर्ध्या दिवसात सायकलवर सगळं होतं. उन्हाचं मात्र बघा, दमट हवा आहे, अकरानंतर आपल्या बेळगावच्या माणसाला सोसत नाही.

घटप्रभा_काठ

मी पाण्याला भिणारा माणूस, स्पष्ट विचारतो. 2023 च्या मे महिन्यात केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटून 22 माणसं गेली होती ना? त्यात लहान मुलं किती होती. मग सरकारी असो की खासगी, बोटीवर भरवसा कसा ठेवायचा?

तिसरं_गेट

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर गोड करून देणार नाही. तानूरची बोट खासगी होती, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेली आणि अंधार पडल्यावर काढलेली. खरं सरकारी बोटीचाही अपघात झालाय, जुलै 2002 मध्ये मुहम्म्याहून कुमरकोमला निघालेली बोट वेंबनाड तलावात बुडाली, 29 माणसं गेली, तीही जादा भरलेली होती. म्हणजे गोष्ट गर्दीची आहे. बोट भरलेली दिसली की पुढची घ्यायची, तिथं बोटी वरचेवर असतात. लाइफ जॅकेट कुठं टांगलंय ते चढल्या चढल्या बघायचं आणि मागून घेऊन घालायचं, लाजायचं नाही. पोरं वरच्या कठड्यावर सोडायची नाहीत. अंधार पडल्यावर हौसेची कुठलीच बोट घ्यायची नाही. एवढं पाळणाऱ्याला मी बोटीनं जा असंच सांगेन.

घटप्रभा_काठ

हे पटलं. धन्यवाद.

शहापूर_लूम

फोर्ट कोचीचं सगळे लिहितात, मला त्याच्या शेजारच्या मट्टांचेरीबद्दल लिहायचंय. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर सोळाव्या शतकात जी कोकणी मंडळी दक्षिणेला गेली त्यातली बरीच कोचीला स्थायिक झाली. तिथं चेरलाईत तिरुमल देवस्वम म्हणून त्यांचं मोठं देऊळ आहे, आजूबाजूच्या गल्ल्यांत आजही घरात कोकणी बोलतात. मी देवळाबाहेर एका आजींना मराठीतच विचारलं, त्या कोकणीत बोलल्या, आमचं सगळं बोलणं नीट झालं. एवढ्या लांब मल्याळी मुलुखात आपल्या घरातल्यासारखी बोली कानावर पडते तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. डचांच्या काळात मलबारच्या झाडपाल्यावर जो मोठा ग्रंथ निघाला, पहिला भाग 1678 चा, त्यात तीन कोकणी वैद्यांनी दिलेलं निवेदन नागरी अक्षरात छापलेलं आहे. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट. छापलेल्या नागरीचे एवढे जुने नमुने फार थोडे आहेत, आणि त्यातला एक ह्या गल्ल्यांतल्या माणसांचा.

आणि वार बघून जावा. डच पॅलेस शुक्रवारी बंद आणि परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद. सिनेगॉग 1568 चं आहे, खाली चिनी निळ्या-पांढऱ्या फरश्या, एकसारखी दुसरी नाही म्हणतात. मी विणकराच्या घरातला, मला त्या फरश्यांचं नक्षीकाम बघताना वेळ कसा गेला कळलं नाही.

निपाणीची_सून

किती सुंदर. चेरलाई यादीत घेतलं.

खानापूर_भातवाला

तिसरं गेट अण्णा, अलेप्पीजवळच्या कुट्टनाडात समुद्रसपाटीच्या खाली भात लावतात असं वाचलंय, ते तुम्ही बघितलं का? आमची भातशेती आहे म्हणून विचारायलोय, पाणी बाहेर कसं काढतात?

तिसरं_गेट

बघितलं, आणि त्यासाठीच अलेप्पी ते कोट्टायम ही सरकारी बोट चुकवू नका असं सगळ्यांना सांगायलोय. आधी एर्नाकुलमहून किनाऱ्याच्या लाइननं अलेप्पीला जायचं. रेल्वेच्या ॲपवर आलप्पुळा असं शोधा, अलेप्पी टाकलं तर गोंधळ होतो. अलेप्पीची बोट जेट्टी बसस्टँडच्या जवळच. तिथं उतरलं की हाउसबोटीचे एजंट मागं लागतात, हसून नको म्हणायचं आणि सरळ सरकारी खिडकीवर कोट्टायमची वेळ विचारायची. अडीच तासाचा प्रवास, तिकीट पन्नासच्या आत.

आता शेतीचं. बोट कालव्यातून जाते, दोन्ही बाजूला बांध, आणि बांधापलीकडं बघितलं की शेत खाली दिसतं. पाण्याची पातळी वर, आपण त्याच्याही वर, भात खाली! पहिल्यांदा डोळ्याला पटतच नाही. तलावातला आणि नदीचा गाळ काढून बांध घातले, आतलं पाणी पंपानं बाहेर कालव्यात फेकतात, आणि पीक असेपर्यंत हे चालूच. पूर्वी पायानं फिरवायच्या चाकानं पाणी काढत. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमला बंधारा आहे, त्याची दारं पाडून बंद करतात. त्यावरून मच्छीमार आणि शेतकरी यांच्यात कायम ओढाताण, कारण दारं बंद राहिली की माशांची वाट अडते आणि पाणी साचून केंदाळ माजतं. ह्या शेतीपद्धतीला 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं जागतिक वारसा शेतीचा दर्जा दिलाय.

माझ्या शेजारी एक शेतकरी बसले होते, त्यांना हिंदी थोडं येत होतं. ते म्हणाले पाऊस जास्त झाला की सगळ्या बांधावर रात्रभर माणसं जागी असतात, एका ठिकाणी फुटला की सगळ्यांचं जातं. हे ऐकल्यापासून आपल्याकडं मलप्रभा-घटप्रभेला पूर येतो तेव्हाच्या रात्री आठवायलो. हाउसबोटीत एसी लावून झोपलं की ही माणसं भेटत नाहीत, म्हणून मी एवढं लावून धरलंय.

खानापूर_भातवाला

भारी. आम्ही पाणी आत धरायला बांध घालतो, ते पाणी बाहेर ठेवायला घालतात. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मला घेऊन चल.

वडगाव_रिटायर्ड

सर्वांना नमस्कार. कोट्टायमपर्यंत जाणार असाल तर तिथून बसने वैकमला अवश्य जावे अशी माझी बेळगावकरांना कळकळीची विनंती आहे. 1924 च्या 30 मार्चला तिथे सत्याग्रह सुरू झाला. महादेवाच्या देवळाभोवतीचे रस्ते, नुसते रस्ते, देऊळसुद्धा नव्हे, अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद होते आणि ते खुले व्हावेत एवढीच मागणी होती. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष. ते अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन, हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्या अधिवेशनाची खूण असलेली काँग्रेसची विहीर आणि वीरसौध आपण येताजाता बघतो. अधिवेशन आटोपल्यावर तीन महिन्यांच्या आत, मार्च 1925 मध्ये, गांधीजी वैकमला पोचले आणि बोटीतूनच उतरले. तो जुना धक्का तिथे आहे. तमिळ समाजसुधारक पेरियार रामस्वामी यांनी तिथे तुरुंगवास भोगला, त्यांचे स्मारकही आहे.

बेळगावच्या शाळांतल्या मुलांना आपली विहीर माहीत असते, वैकम माहीत नसते. दोन्ही एकाच वर्षाच्या गोष्टी आहेत. सहल काढणाऱ्या शिक्षकांनी याचा विचार करावा.

तिसरं_गेट

काका, तुम्ही हे लिहिलं ते फार चांगलं झालं. आणि योग बघा, वैकमच्या जेट्टीवरून पलीकडं तवणक्कडवूला जी बोट जाते तिथंच देशातली पहिली सौरऊर्जेवरची फेरीबोट आहे, नाव आदित्य, जानेवारी 2017 पासून, 75 माणसांची. डिझेलचा वास नाही, धूर नाही, शेजारच्याशी हळू आवाजात बोललं तरी ऐकू येतं. वेंबनाडवरून पंधरा मिनिटात पलीकडं, तिथून बसनं चेर्तला, आणि चेर्तलाहून रेल्वेनं नाहीतर बसनं परत एर्नाकुलम. म्हणजे एर्नाकुलम, अलेप्पी, बोटीनं कोट्टायम, वैकम, परत बोट, चेर्तला, एर्नाकुलम असा पूर्ण गोल होतो आणि कुठंही टॅक्सी लागत नाही.

येळ्ळूर_गड

जेवणाचं कुणी बोलेना. लाल जाड तांदूळ आपल्याला चालतो का?

शहापूर_लूम

पहिल्या दिवशी जड जातो, मग आवडतो. सकाळी पुट्टू (वाफवलेलं तांदळाचं पीठ) आणि काळ्या चण्याची उसळ, कुठल्याही टपरीवर, पोट दुपारपर्यंत भरलेलं. शाकाहारी असाल तर मट्टांचेरीच्या गुजराती आणि कोकणी भागात सोय आहे. गाडीसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि जाताना कुंदा घ्या, डब्यातल्या माणसांना दिला की ओळख लगेच होते.

निपाणीची_सून

शेवटचे दोन प्रश्न, मग विचारणार नाही. कुठल्या महिन्यात जावं, आणि तिकीट किती आधी काढावं? सॅक कुठं ठेवायची फिरताना?

तिसरं_गेट

विचारा की ताई, त्यासाठीच लिहायलोय. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. जून ते ऑगस्ट तिथं मुख्य पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचाही जोरदार असतो. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू जातात, त्या दिवसांत जोडगाड्यांच्या मध्ये भरपूर वेळ सोडा. दुधसागरासाठी मात्र पावसाळा संपता संपताचे दिवस छान. मुलीला चित्रकलेची आवड असेल तर बिएनालेचं वर्ष बघा, 2012 पासून फोर्ट कोचीच्या जुन्या गोदामांतून चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, डिसेंबरात सुरू होतं.

तिकीट आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्णाला बेळगावचा कोटा थोडा म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी काढा. परशुरामला सेकंड सीटिंगचं रिझर्व्हेशन करा, खिडकी मिळते आणि स्वस्त. सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते, खरं कुलूप लावलेलीच घेतात, म्हणून चेन असलेली सॅक आणि छोटं कुलूप घरूनच न्या, आणि प्रवासाचं तिकीट जवळ ठेवा. फोर्ट कोचीत राहायचं ठरलं तर सॅक होमस्टेतच राहू दे, बहुतेक घरं कुटुंबच चालवतात.

येताना थेट गाडी नाही मिळाली तर मडगावपर्यंत कुठलीही घ्या, मंगला, नेत्रावती, जी असेल ती. मडगावहून पणजी आणि तिथून चोर्ला घाटानं बेळगावची बस. पणजीत हातात वेळ असला तर बेतीची फेरीबोट मांडवीपलीकडं जाते, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही.